हिचं वर्षासन

सोमवार, ४ मार्च

लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, आजपासून सगळं लिहून ठेवा. कोण काय म्हणालं, तुम्ही काय म्हणालात. उद्या कुणी विचारलं तर 'आठवत नाही' चालायचं नाही." म्हणून ही वही. दुकानातलीच आहे. मागच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या सोफ्यांची मापं आहेत, पुढची पानं कोरी होती. लिहिण्याचं काम आमच्याकडे हिचं. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष उलटलं, तरी तोंडात 'ही'च येतं. न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात खेळ आटोपला.

तर झालंय असं की आयकर खात्याची नोटीस आली आहे. हिने उमेदीची वर्षं बसच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यात काढली. तिथल्या पगारातून विमा कंपनीत पैसे भरत गेली, म्हातारपणी वर्षासन मिळावं म्हणून. वर्षासन म्हणजे ठरलेली रक्कम, जिवंत असेपर्यंत दर वर्षी. ते दर वर्षी तिच्या नावावर बँकेत पडून राहतंय अशी माझी समजूत. ती गेल्यावर मी मृत्यूचा दाखला कंपनीच्या मुख्य कचेरीत पाठवला, तर उलट टपाली चेक आला. शेवटच्या सहा वर्षांचं वर्षासन थकलेलं होतं. तिने त्यातला एक पैसा उचलला नव्हता.

मी तेव्हा खोलात शिरलो नाही. घरातलं माणूस गेलेलं असताना कोण हिशेब विचारत बसतो? दवाखान्याचं बिल भागवलं, दुकानाचं गळकं छप्पर बदललं, उरलं ते बँकेत टाकलं. आता खातं म्हणतंय, ही सगळी रक्कम तुमचं एकाच वर्षाचं उत्पन्न का धरू नये? शिवाय, दुकान आम्हा दोघांच्या नावावर, म्हणजे निम्मी मिळकत हिची. त्यात वर्षासन मिळवलं तर ती करमाफीच्या मर्यादेबाहेर जात होती. तेव्हा कर चुकवायला तिने पैसे जाणूनबुजून तिकडेच पडू दिले, असा संशय. तसं ठरलं तर वरच्या दराने कर आणि डोक्यावर दुप्पट दंड. तेवढं भरायचं तर दुकान विकण्यावाचून गत्यंतर नाही.

दुकान म्हणजे सोफे, खुर्च्या, गाद्या दुरुस्त करायचं. मी ठोकायचो, ही शिवायची.

गुरुवार, ७ मार्च

लेकीने करसल्लागार शोधून दिला. तिच्याहूनही लहान आहे. दर वाक्याला "सबुरीने घ्या, काका" म्हणतो, म्हणून मी त्याचं नाव सबुरी ठेवलं.

त्याच्या कचेरीतल्या कोचावर बसलो आणि जीव अर्धा झाला. डावीकडची स्प्रिंग मोडून वर आलेली, काथ्या एका कोपऱ्यात गोळा झालेला. माणसाची पारख मी बैठकीवरून करतो. ज्याला आपल्याच कोचाची स्प्रिंग टोचत नाही तो माझ्या नोटिशीत काय डोकं घालणार? पण बोलायला साधा निघाला. म्हणाला, "फीचं नंतर बघू."

मी म्हटलं, "फी नको. हा कोच माझ्याकडे पाठव. तू माझी केस नीट कर, मी तुझा कोच नीट करतो."

त्याने आधी कोचाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात पुढे केला.

सुनावणीत कसं बोलायचं ते त्याने शिकवलं. विचारतील तेवढ्यालाच उत्तर. नक्की ठाऊक नसेल तर 'माहीत नाही'. आपणहून एक शब्द जास्त नाही. मी म्हटलं, एवढंच ना?

बुधवार, १३ मार्च

एवढंच, आणि तेही जमलं नाही.

कर अधिकारी बाई आहेत. पन्नाशीच्या, आवाज मऊ. त्यांच्या खुर्चीचं कव्हर पुढच्या कडेला फाटलं होतं आणि फोम बाहेर डोकावत होता. माझं निम्मं लक्ष तिकडेच. बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या पत्नी या वर्षासनाबद्दल घरी काही बोलायच्या का?"

मी म्हटलं, "बोलायची ना. मी कधी विषय काढला की म्हणायची, राहू दे तिकडेच, कुठे पळून जातंय."

बाई लिहू लागल्या. टेबलाखाली सबुरीचा बूट माझ्या पायावर आला.

"म्हणजे पैसे तिथेच राहू द्यायचे हे त्यांनी ठरवलं होतं?"

आता हिच्या ठरवण्यावर कोणी शंका घ्यावी आणि मी गप्प बसावं, हे व्हायचं नाही. म्हटलं, "ठरवलं म्हणजे ठरवलं. तिने एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी फरक पडायचा नाही." सबुरीने बूट आणखी दाबला. बाईंनी तेही लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर सबुरी पायऱ्यांवरच बसला. "काका, तुम्ही स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलात."

"धोंडा कशाला? तुझा बूट होताच की."

तो हसला नाही. म्हणाला, आता त्यांच्याकडे तुमच्याच तोंडचं लेखी आहे की काकूंनी ठरवून पैसे उचलले नाहीत. ठरवून का उचलले नाहीत, याचं कर चुकवण्याखेरीज दुसरं कारण दाखवता आलं नाही तर दुकान विसरा.

ही असती तर तिने मला वाटेतच धारेवर धरलं असतं. आज त्याचीही आठवण झाली.

शुक्रवार, १५ मार्च

दुसरं कारण. परवापासून तेच डोक्यात आहे. हातोडी हातात घेतो आणि नुसता बसतो.

ती जायच्या सहा वर्षं आधी असं झालं तरी काय? एकच गोष्ट आठवते, निळा सोफा. त्याच्या कव्हराची पायपिंग, म्हणजे कडेची गोल पट्टी, वाकडी गेली होती. हिच्या हातून वाकडी शिवण म्हणजे आक्रीतच. मी गमतीने म्हटलं, "आज कुठल्या गाडीत बसून शिवलंस?" तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, डोळे शिणतात, आता शिवण्याचं बाहेर द्या. मला वाटलं दोन दिवसांचा रुसवा. ती पुन्हा मशीनवर बसलीच नाही. तेव्हापासून शिलाई बाहेरच्या टेलरकडून. काम बरं करतो, पण कोपरे त्याला जमत नाहीत.

मग एकेक आठवत गेलं. कपबशीतून चहा प्यायची सोडली. मोठा मग घ्यायची, तोही अर्धा भरून, दोन्ही हातांनी धरून. पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही म्हटलं तर म्हणाली, पाहुणे माझ्या मगाला भेटायला येत नाहीत. पाकिटावरचे पत्ते माझ्याकडून लिहून घ्यायला लागली. सिनेमाला गेलो की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायची. मी हात धरायला जावं तर जागचा हलायचा नाही. आणि वर्षातून एकदा, मार्चच्याच सुमारास, चांगला कोट घालून एकटीच बाहेर जायची. कुठे, तर मैत्रिणीकडे. परत आली की दिवसभर भांडी घासत राहायची, घासलेली पुन्हा घासायची.

मी ते सगळं स्वभावावर घातलं. वयाप्रमाणे माणूस तिरसट होतं, मीही झालो आहे. पण आता या पैशाशी जोडून बघितलं की वेगळंच चित्र दिसतं. नवऱ्याला न सांगता बाई पैसे बाजूला ठेवते ती कधी? वेगळं राहायचं मनात असतं तेव्हा. हात काढून घेते, बोलणं तोडते, वर्षातून एकदा नटून कुठेतरी जाऊन येते.

लिहिताना लाज वाटते. पण लेक म्हणाली आहे, सगळं लिहा. दुकान गेलं तर जाईल. आपण जिच्यासोबत आयुष्य काढलं ती मनाने आपल्यासोबत नव्हती, असं निघालं तर मी काय करू?

रविवार, १७ मार्च

लेकीचा फोन. मी आडूनआडून विचारलं, आई तुझ्याकडे कधी माझ्याबद्दल तक्रार करायची का? ती म्हणाली, "रोज करायची. पण म्हणजे काय?"

मग मी मनातलं बोललो. पैशाचं, कोटाचं, हातांचं.  

"बाबा, आई तसं स्वप्नातसुद्धा करणार नाही."

"मग का नाही उचलले पैसे?"

"मला पैशाचं खरंच माहीत नव्हतं." मग एकदम म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

म्हटलं, जेवलो. बिचारी कामाने दमलेली असते, जास्त ताणलं नाही. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येते, समोर बसून बोलू. काय बोलायचंय ते फोनवर बोल म्हटलं, तर म्हणाली, नको.

बुधवार, २० मार्च

सबुरीचा कोच दुकानात आला. उघडला तर आत एक कंगवा, तीन पेनं आणि कुणाचं तरी लग्नाचं आमंत्रण. कोच कुणाचंच काही परत करत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

आज विमा कंपनीच्या इथल्या कचेरीत गेलो. सबुरीला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, सबुरीने घ्या.

तिथे बसायला लोखंडी बाकडं आहे, थंडगार. लोकांनी फार वेळ बसू नये असंच ज्यांना वाटतं ते असं बाकडं ठेवतात. खिडकीवरच्या बाईंना हिचं नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही त्यांचे मिस्टर? काका, त्या यंदा आल्या नाहीत. मागच्या वर्षीही नाही. मी दोन्ही वर्षी वाट बघितली."

मी म्हटलं ती गेली. बाई उठून आतून बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बाकड्यावर बसल्या. मुख्य कचेरीतले कागद त्यांच्यापर्यंत येतच नाहीत म्हणे.

मग त्यांनी सांगितलं. वर्षासन घेणाऱ्याने दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. त्यासाठी खिडकीवर येऊन सही करायची. ती सही जुन्या सहीशी जुळली की पैसे सुटतात. सात वर्षांपूर्वी ही आली, सही केली, जुळली नाही. बाई म्हणाल्या, पुन्हा करा. पुन्हा केली. ती जुन्या सहीशीही जुळेना आणि पहिलीशीही जुळेना.

"तेव्हा त्या मला म्हणाल्या, अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे, तुमच्याशी भांडतेय. अजून किती जिवंत असायला हवं?"

हे हिचंच वाक्य. दुसरं कुणी असं बोलूच शकत नाही. मला तिचा आवाज ऐकू आला.

"मी म्हटलं, ताई, मला दिसताय हो तुम्ही, पण नियमाला दिसत नाही. नियमाला सही लागते. तर दर वर्षी यायच्या, सही करायच्या, जुळायची नाही. जाताना म्हणायच्या, यंदाही मेलेच म्हणायची. पुढल्या वर्षी परत मरायला येते. आणि दोघी हसायचो."

मीही हसलो. त्या कचेरीत, बाकड्यावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मैत्रीण म्हणजे ही खिडकी. नटून, कोट घालून ती आपण जिवंत असल्याचं सांगायला येत होती.

"पण याला काही उपाय नव्हता का?"

"होता की. नवीन सहीचा नमुना द्यायचा. त्याला वारसाची साक्ष लागते, म्हणजे तुमची. मी दर वर्षी सांगायची, मिस्टरांना घेऊन या, दहा मिनिटांचं काम. तर म्हणायच्या, नाही, त्यांना दुकानातून हलवायचं नाही."

म्हटलं, बरोबर आहे. कामाच्या वेळी मी दुकान सोडत नाही हे तिला ठाऊक होतं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "काका, त्यांचा हात..."

"हात? अहो, तिच्यासारखा हात या धंद्यात नव्हता. फूटपट्टी न लावता सरळ टाका. तुमच्या जुळवण्यातच दोष असणार."

बाईंनी उठून मला पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, सही न जुळल्यामुळे रक्कम रोखली होती असं कंपनीकडून लेखी देते. उद्याच देते.

गुरुवार, ४ एप्रिल

कागद हातात आला. सबुरी खुर्चीतून उठून उभा राहिला. "काका, हेच हवं होतं. पैसे काकूंनी नाकारले नाहीत, कंपनीने रोखले. दर वर्षी मागायला गेल्या होत्या. यात कर चुकवणं कुठे आलं?"

येताना फुलं घेतली. घरात ठेवायला भांडं सापडेना, शेवटी तिच्या मोठ्या मगात ठेवली. त्यात चांगली बसली.

मंगळवार, ९ एप्रिल

सुनावणी. कागद दिला. आज मी तोंड शिवून बसलो होतो. बाईंनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "सही जुळली नाही हे कळलं. का जुळली नाही?"

माझ्या तोंडची शिवण तिथेच उसवली. म्हटलं, कंपनीचा अडाणीपणा, दुसरं काय?

"सहा वर्षं सलग? एक तर येणारी बाई तुमची पत्नी नव्हती..."

"ती नव्हती तर कोण होती? तो कोट माझ्यासमोर घेतलाय."

"...किंवा त्या मुद्दाम वेगळी सही करत होत्या, पैसे अडकून राहावेत म्हणून. किंवा तिसरं काही कारण आहे. ते असेल तर मला कागदावर हवं. तुमच्याकडे आहे का?"

म्हटलं, माहीत नाही. या वेळी खरंच माहीत नव्हतं. बाईंनी दोन आठवड्यांची मुदत दिली. उठताना म्हणाल्या, "बघा. असेल असं मला वाटतं." मऊ आवाजात. आता वाटतं, तो आवाज त्यांचा रोजचाच असेल. मी उगाच वाकड्यात शिरत होतो.

सबुरीने वाटेत विचारलं, काकूंना काही आजार? म्हटलं, छे. शेवटच्या आठवड्यापर्यंत ठणठणीत. दवाखान्यातला डॉक्टरही असाच काहीतरी विचारत होता, हे थरथरणं कधीपासून आहे म्हणून. अरे, एवढा ताप होता, माणूस थरथरणार नाही तर काय करणार? शिकलेल्या माणसांना साध्या गोष्टी कळत नाहीत.

सबुरी एकदम थांबला. मग म्हणाला, "तुमच्या मुलीचा नंबर द्या."

शनिवार, १३ एप्रिल

लेक आली. न कळवता, सकाळच्या गाडीने, थेट दुकानात. मी सबुरीच्या कोचाला शेवटचे खिळे ठोकत होतो. ती त्याच कोचावर बसली आणि मला म्हणाली, "हातोडी ठेवा."

पर्समधून डॉक्टरचा कागद काढला. "आईचा हात थरथरायचा, बाबा. उजवा. पुढे डावाही थोडा. मीच तिला डॉक्टरकडे नेलं होतं. ते म्हणाले, जिवाला धोका नाही, पण थांबणारही नाही. तिने मला शपथ घातली, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

मी म्हटलं, का?

"म्हणाली, त्यांना कळलं तर दुकानाला कुलूप लावतील आणि माझ्या उशाशी येऊन बसतील. माझा पाय मोडला होता तेव्हा तीन महिने बसले होते. गिऱ्हाइकं गेली ती गेली, मला स्वतःच्या हाताने केससुद्धा विंचरू दिले नाहीत. या वेळी तर हे बरं होणारं नाही. म्हणजे ते कायमचे बसतील, आणि ठोकाठोक थांबली की तो माणूस वर्षभरात म्हातारा होईल."

मला आधी राग आला. चांगलाच आला. म्हटलं, म्हणजे तुला माहीत, डॉक्टरला माहीत, विमा कंपनीच्या खिडकीला माहीत, परवा भेटलेल्या त्या अधिकारी बाईंनाही अंदाज आला. एकाच घरात राहून एकट्या मलाच माहीत नाही. मी काय नुसता ठोकायचाच धनी?

लेक म्हणाली, "हो. तिला तेच हवं होतं."

मग निळा सोफा आठवला. कुठल्या गाडीत बसून शिवलंस, असं म्हटलं होतं मी. त्यावर तिने कात्री खाली ठेवली होती, एवढंच. मला रडू आलं. लेकीसमोर रडलो, लपवलं नाही. या घरात लपवालपवी पुरे झाली.

पण लिहायचंच तर खरं लिहितो. वाईट वाटलंच, पण त्याहून मोठी सुटका वाटली. छातीवरचं ओझं कुणी उचलून न्यावं तसं. ती माझ्यापासून दूर जात नव्हती. सिनेमात हात लपवत होती तो मला थरथर लागू नये म्हणून. मी तो ओढून घ्यायला हवा होता, हे मात्र राहून गेलं.

संध्याकाळी लेक आणि मी मिळून कोच सबुरीकडे पोचवला. तो बसला, उठला, परत बसला. म्हणाला, काका, आता अशिलं लवकर उठायची नाहीत.

सोमवार, २२ एप्रिल

निकाल लागला.

बाईंनी डॉक्टरचा कागद वाचला, विमा कंपनीचा वाचला, आणि पहिल्या दिवशीचं माझं बोलणं काढलं. "'राहू दे तिकडेच, कुठे पळून जातंय.' हे तुम्हीच सांगितलं होतं."

म्हटलं, "हो. ती म्हणायचीच तसं."

"आता याचा अर्थ वेगळा लागतो," बाई म्हणाल्या. सबुरीचा बूट या वेळी जागच्या जागी होता.

तर ठरलं असं. पैसे लपवायचा हेतू नव्हता, म्हणून दंड नाही. रक्कम माझी नव्हे, हिची. आणि एका वर्षाची नव्हे, सहा वर्षांची. ज्या वर्षीची त्या वर्षात धरली की दर वर्षाला किरकोळ कर निघतो. आणि कंपनीने चेक देतानाच त्याहून जास्त कर कापून घेतला होता. म्हणजे द्यायचं काहीच नाही. उलट खात्याकडूनच थोडं परत मिळायचं आहे.

मी दोनदा विचारून घेतलं. म्हटलं, म्हणजे दुकान? सबुरी म्हणाला, दुकान तुमचं, छप्परही तुमचं.

निघताना मला राहवलं नाही. बाईंना म्हटलं, तुमच्या खुर्चीची कड फाटलीय, पाठवून द्या, फुकट करून देतो. त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, नको, लाच होईल ती. मग हळूच म्हणाल्या, निवृत्त झाले की घरची पाठवते.

घरी येऊन भरपेट जेवलो आणि दुपारी जो झोपलो तो दिवे लागले तेव्हा उठलो. कित्येक दिवसांनी असा झोपलो.

रविवार, १९ मे

लिहिण्यासारखं काही नाही, काम खूप आहे. एका वाचनालयाच्या सगळ्या खुर्च्या आल्यात. कोपरे मीच शिवून बघितले. पहिले दोन बघवत नाहीत. तिसरा बरा आला.

बुधवार, १२ जून

खात्याचं पाकीट आलं. उघडायच्या आधीच सबुरीचा फोन. आवाजात घाई. "काका, घोळ झालाय. परताव्याची रक्कम काकूंच्या नावाने मंजूर झालीय. वारस म्हणून तुमचं नाव चढवायचं राहिलंय कुणाकडून तरी. काळजी नको, मी उद्याच दुरुस्तीचा अर्ज टाकतो."

फोन कानाला ठेवूनच पाकीट फोडलं. हिचं पूर्ण नाव, एकही चूक नाही. आदरणीय महोदया, आपली खालील रक्कम या कार्यालयाकडे शिल्लक असून ती स्वीकारण्यासाठी आपण स्वतः उपस्थित राहावे.

कंपनीने ती जिवंत असताना सहा वर्षं तिला मेलेली धरलं. समोर उभी राहून भांडली तरी ऐकलं नाही. आणि आता खातं तिला जिवंत धरून बसलंय, वर अदबीने बोलावतंय, स्वतः या म्हणून. तिला हे कळलं असतं तर चांगला कोट काढून निघाली असती.

मी सबुरीला विचारलं, अर्जाला मुदत किती?

"सहा महिने. पण थांबायचं कशाला, काका? तुमच्या हक्काचे पैसे आहेत."

"शेवटच्या आठवड्यात टाकू."

"व्याज बुडेल."

"बुडू दे."

तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. एवढ्या मोठ्या कारभारात एका टेबलावर तरी ती अजून आहे. इतक्यात तिला तिथून उठवायचं नाही, असं मी ठरवलंय.